झोपलेल्या फुलांचा जबाब

१

मंगळवारी सकाळी पुण्यात मांडवाच्या दारात डेकोरेशनवाल्यानं पहिलं खोकं उघडलं आणि हात तसाच धरून उभा राहिला. आतली फुलं झोपलेली होती. सुकलेली नव्हती, सडलेली नव्हती, करपलेली तर मुळीच नव्हती. पाकळ्या आत दुमडून, मान ताठ ठेवून, उभ्याउभ्या झोपलेली. त्यानं दुसरं खोकं उघडलं, मग बाकीची. सगळी कार्नेशन एकजात गाढ, जशी काही रातपाळी करून आली होती. लग्न संध्याकाळचं होतं. झोपलेल्या फुलांच्या मांडवात कोण बोहल्यावर चढणार? माल परत.

तुम्ही म्हणाल, बन्सी आबा, तुम्ही दौंडला आणि फुलं पुण्याला, हे तुम्हाला कुणी सांगितलं? अहो, दौंड जंक्शनावर जन्म काढलेल्या माणसाला बातम्या आणाव्या लागत नाहीत, त्या गाडी बदलायला तिथंच उतरतात. मी रेल्वेत पॉइंट्समन होतो, म्हणजे गाडी कुठल्या रुळावर घालायची ते माझ्या हातात. एकदा सोलापूरकडं निघालेली मालगाडी मी नुसता डोळा वटारून मनमाडकडं वळवली होती. त्याला साक्षीदार म्हणजे तिचा ड्रायव्हर, आणि तो अजून मनमाडहून आलेला नाही.

पण ही गोष्ट मी वळवणार नाही, कारण हिच्यात माझ्या बहिणीची नात आहे. करुणा तिचं नाव.

ती फुलं पाबळकडच्या आण्णांच्या पॅकहाऊसमधून गेली होती. पॉलिहाऊसातली फुलं खुडून आणायची, जुड्या बांधायच्या, थंड ठेवायची आणि शहरात पाठवायची, ते पॅकहाऊस. करुणा पाबळला शिकायला गेली आणि तिथंच कामाला लागली. फुलांची थंड खोली, तिला सगळे कोल्ड रूम म्हणतात, ती पूर्ण तिच्या ताब्यात.

मंगळवारी दुपारी आण्णांचा पुतण्या सुदर्शन, जो तिथला मॅनेजर, तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"काल सगळे पूजेला होते. इथं एकटी तू होतीस. दार उघडं टाकलंस नाहीतर मशीन बंद केलंस. चुकून का मुद्दाम, ते तुझं तुला माहीत."

आदल्या दिवशी पॅकहाऊसच्या वाढदिवसाची सत्यनारायणाची पूजा होती, आण्णांच्या बंगल्यावर. आम्ही बौद्ध माणसं, पूजेला बसणं आमच्यात नाही. करुणानं आपण होऊन सांगितलं होतं, सगळ्यांनी जा, मशीनपाशी कुणीतरी पाहिजे, मी थांबते. त्या थांबण्याचाच गुन्हा झाला.

तिनं किल्ली टेबलावर ठेवली आणि वरवंडला घरी निघून आली.

२

मला हे कळलं तोवर काही आठवडे उलटले होते आणि करुणा बऱ्याच ठिकाणी मुलाखती देऊन बसली होती. प्रत्येक ठिकाणी गाडी अगदी झोकात निघायची आणि एकाच स्टेशनावर अडायची. पहिली नोकरी का सोडली?

मी वरवंडला गेलो तेव्हा माझी बहीण विठाबाई नातीला उत्तर पढवत होती.

"लगीन ठरलंय म्हून सांग."

"मग नोकरीला कशाला आलीस म्हणतील, आज्जी."

"मोडलं म्हून सांग."

"का मोडलं विचारतील."

"नवऱ्याला नोकरी नव्हती म्हून सांग." विठाबाईकडं उत्तरं कमी पडत नाहीत. आमच्या रक्तातच ते आहे.

मी म्हटलं, "त्यापेक्षा बिबट्या सांग. पॅकहाऊसच्या दारात बिबट्या बसायचा, जीव वाचवून आले. शिरूर तालुक्यात बिबट्याला कुणी न्हाई म्हणत न्हाई."

करुणा हसली नाही. ती जमिनीकडं बघत नव्हती, माझ्याकडं बघत होती.

"आबा, मी खोटं कारण दिलं की सुदर्शन सरांचं खरं ठरतं. आन् ही माणसं नुसती विचारून थांबत न्हाईत, सरांना फोन करत्यात. सर वाईट काय बोलत न्हाईत. 'कामाला चांगली होती, पण...' म्हणत्यात आन् थांबत्यात. पुढचं ज्यानं त्यानं मनानं भरायचं."

"मग तू खरं सांग."

"खरं काय ते मला तरी कुठं ठाऊक हाय? फुलं झोपली. का झोपली ते सापडत न्हाई. शुक्रवारी शिरूरला बोलावलंय, नव्या कोल्ड स्टोरेजवर. तिथं विचारतीलच. मला जुनी नोकरी परत नको, कुणाची माफी नको. उत्तर पाहिजे. खरं उत्तर, जे त्यांच्याकडं बघून देता येईल."

खऱ्याचा शोध माझ्याकडं द्यायचा म्हणजे मांजराला उंदरांचं वकीलपत्र देण्यासारखं आहे, हे सगळ्या दौंडला ठाऊक आहे. पण एक आहे. रुळाचा सांधा पॉइंट्समनला दिसतो, तसा थापेचा सांधा थापाड्यालाच दिसतो. मी मांडी घालून बसलो.

"सगळं नीट सांग."

तिनं सांगितलं. शनिवारी संध्याकाळी तिनं कोल्ड रूम बंद केली, आत कार्नेशन होती आणि जरबेरा होता. रविवारी तिची सुट्टी. सोमवारी सकाळी उघडली तेव्हा सगळं जागच्या जागी. दुपारी माल गाडीत चढला. जरबेरा दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं गेला आणि तो टवटवीत होता. झोपली ती फक्त कार्नेशन.

"दार उघडं राहिलं असतं तर?"

"तर आधी जरबेऱ्यानं मान टाकली असती. त्याला गरमी जराबी सोसत न्हाई."

"किल्ल्या किती?"

"एक माझ्याकडं, एक सरांकडं."

"मग रविवारी, तुझ्या सुट्टीत, आत कोण गेलं?"

"रविवारी तोडणीच नसते, आबा. आत जायचं कुणाला कारणच न्हाई."

कारण नसताना माणूस जिथं जातो, तिथंच कारण असतं.

३

माल ज्या गाडीतून गेला तिचा ड्रायव्हर नवनाथ मला शिरूरच्या एसटी स्टँडसमोर चहा पिताना सापडला. लोक कुजबुजत होते की डिझेल वाचवायला त्यानंच गाडीची थंडी बंद ठेवली.

"म्हणू द्या," नवनाथ बशीत फुंकर घालत म्हणाला. "त्याच खेपेला माझ्या गाडीत मलठणचे गुलाब व्हते, आबा. ते पुण्यात उतरले ते नवरीपेक्षा ताजे. गाडीची थंडी काय जात बघून लागती व्हय, गुलाबाला येगळी आन् कार्नेशनला येगळी?"

गाडी सुटली. आता माणसं उरली.

"तू बी पूजेला होतास?"

"व्हतो की. भरायला येळ व्हता, सगळ्यांना जेवाण व्हतं. शिरा झ्याक. पर केळं दिलं हातात, ते काळं ठिक्कर." त्यानं तोंड वाकडं केलं. "सोललं तर आत पांढरं, कडक. बघितलं न्हाई असलं केळं. एवढा बागाईतदार माणूस आन् पूजेला असली केळी. म्हटलं, मोठ्यांचा चिक्कूपणा बी मोठा."

मी हसलो आणि विसरलो. म्हातारपणी कान चाळणीसारखे होतात. कोंडा राहतो आणि पीठ खाली पडतं.

"त्या पोरीवर आळ घेतला ते बरं न्हाई केलं," नवनाथ उठता उठता म्हणाला. "रविवारी मी गाडी धुवाया गेलतो पॅकहाऊसवर. कोण बी नव्हतं. पर सुदर्शन सरांची मोटारसायकल कोल्ड रूमच्या दाराला खेटून हुबी व्हती. मागं कायतरी बांधलेलं, गोणपाटात गुंडाळलेलं."

"काय?"

"मला काय ठावं? तुम्ही थापा मारता तवा मी इचारतो का, खरं काय म्हून?"

४

रिकाम्या हातानं कुणाकडं जाऊ नये, म्हणून पाबळला जाताना मी डझनभर केळी घेतली. आणि खऱ्या नावानं तर मुळीच जाऊ नये. मी कुर्डुवाडीकडच्या एका बड्या स्थळाचा मामा झालो. करुणाची मागणी आहे, मुलगी कशी आहे, पहिली नोकरी का सोडली, एवढी चौकशी करायला आलोय. लग्नाच्या चौकशीला लोक पोलिसापेक्षा जास्त खरं बोलतात.

दारातच एका पोरीनं मला अडवलं. डोक्याला टोपी, तोंडाला फडकं. ही सारिका. आधी पॅकिंगला होती, करुणा गेल्यावर कोल्ड रूम तिच्याकडं आली. सांगायला नकोच, तिच्या नावानंही गावात कुजबूज होती.

"मामा, ती केळी बाहेर ठेवा. फळ आत चालत न्हाई."

"मुंग्या लागत्यात व्हय?"

"नियम हाय." तिनं दारावरच्या पाटीकडं बोट केलं. फळे आत नेऊ नयेत. अक्षर करुणाचं, मी ओळखलं.

मी पिशवी कठड्यावर ठेवली. तिथं एक शेळी उभी होती. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की जणू तिकीट तपासनीस आहे. परत आलो तेव्हा पिशवी होती, केळी नव्हती आणि शेळीही नव्हती.

कोल्ड रूमच्या दाराशी सारिकानं चपला काढल्या, हात धुतले, फडकं सारखं केलं. मी म्हटलं, "देवघरात चालल्यावाणी चाललीस."

"ही करुणानं लावलेली शिस्त. चपला बाहेर, हात धुवायचे, उष्टं काय आत न्यायचं न्हाई. रंगुबाई काकू तर म्हणत्यात, आमच्या देवघरापरीस हितं सोवळं जास्त." रंगुबाई म्हणजे आण्णांची बायको. सारिका जरा थांबली. "पोरगी चांगली हाय, मामा. खुशाल करा. लोक म्हणत्यात तिची जागा मिळावी म्हून मीच कायतरी केलं. मला ही जागा नको व्हती. ह्या खोलीत उभी राहिले की तिची आठवण होती, आन् हात थंड पडत्यात ते मशीननं न्हाई."

थापाड्याला थाप कळते. ह्यात ती नव्हती.

सुदर्शननं मला खुर्ची दिली, पाणी दिलं, शहरी हसू दिलं. शेतकी शिकलेला, सभ्य माणूस.

"कामाला चांगली होती, पण..." तो म्हणाला आणि थांबला.

"पण काय?"

आजवर त्याला हे कुणी विचारलंच नसावं. तो पेनाशी खेळू लागला.

"रविवारी तुम्ही आलता म्हणं हिकडं?"

"कोण म्हणालं? हां. जनरेटर बघायला आलो होतो."

गोणपाटात जनरेटर. मोटारसायकलवर. मी कौतुकानं मान हलवली. मलाही एवढी मोठी थाप पेलली नसती.

तेवढ्यात बंगल्याकडून रंगुबाई ताक घेऊन आल्या. गोऱ्या, ठसठशीत, बोलायला मोकळ्या. पूजेचा विषय मी काढला आणि त्या फुलल्या. किती माणूस जेवलं, शिऱ्याला किती तूप लागलं.

"वैशाखात केळी दोन दिसात गळून जात्यात, मामा. पर माझा घड पूजेपतुर ताठच्या ताठ. एक केळं मऊ पडलं न्हाई."

"ते कसं काय, वहिनी?"

रंगुबाई हसल्या. तोंड उघडलं.

"काकू," सुदर्शन मध्येच म्हणाला, "आण्णा हाक मारतायत. बंगल्यावर जा."

रंगुबाई लगबगीनं गेल्या. मी ताकाचा पेला खाली ठेवला. आण्णा त्या वेळी हाक मारूच शकत नव्हते. येताना मी त्यांना शिरूरच्या बाजारात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

५

बुधवारी मी वरवंडच्या स्वयंपाकघरात बसलो होतो आणि डोक्यात सगळे डबे वेगवेगळ्या रुळांवर उभे होते. सुदर्शन रविवारी आत गेला. काहीतरी घेऊन गेला. आणि रंगुबाईंना तोंड उघडू देत नव्हता. पण नेलं काय? फुलांवर विष मारलं असतं तर जरबेरा कसा वाचला? आणि स्वतःच्याच चुलत्याचा माल तो कशाला घालवेल?

करुणाची आई बाजारातून आली होती. तिनं पिशवी रिकामी केली, फ्रीज उघडला आणि केळी आत ठेवायला लागली.

"आगं ए," विठाबाई ओरडली, "केळं फ्रीजमदी ठिवू नगं. काळं पडतंय. वरनं काळं आन् आतनं कडक, ना पिकल्यालं ना कच्चं."

माझ्या हातातली बिडी हातातच राहिली.

"करुणा," मी म्हटलं, "तुझ्या त्या दारावर फळाची पाटी कशापायी लावलीस? मुंग्यांसाठी?"

"न्हाई आबा. पिकल्या फळातनं वाफ निघती. तिला रंग न्हाई, काय न्हाई. जरबेऱ्याला तिचं काय होत न्हाई, गुलाबाला थोडं. पर कार्नेशन..."

"कार्नेशनचं काय?"

"झोपतं. लगेच न्हाई. थंडीतनं बाहेर काढलं की झोपतं." ती सावकाश खाली बसली. "माझ्या मनात आलतं ते, आबा. पर मी सोमवारी उघडली तवा आत काय नव्हतं. आन् त्या खोलीत फळ नेणार कोण? सगळ्यांना पाटी ठाऊक. सर तर शिकलेले."

"सर शिकलेले हायत. पर सांगणारी काकू हाय."

मी तिला काळ्या केळ्यांची गोष्ट सांगितली. ती ऐकत होती आणि तिचा चेहरा उजळायच्या ऐवजी कठीण होत गेला. मला वाटलं, पोरगी रडणार. तिनं उठून साडीचा पदर खोचला.

"उद्या मी येते तुमच्यासंगं."

"पुरावा न्हाई, करुणा. केळी लोकांनी कवाच खाल्ली. सुदर्शन कबूल करणार न्हाई."

"त्याला कुठं विचारायचंय?" ती म्हणाली. "तुम्ही अजून डझनभर केळी घ्या."

६

गुरुवारी सकाळी पॅकहाऊसच्या अंगणात आण्णा खाटेवर बसले होते. पागोटं बाजूला, हातात अडकित्ता. सुदर्शन उभा होता, सारिका दारात होती, रंगुबाई शेंगा निवडत होत्या. माझ्यामागं करुणाला बघून सुदर्शनचा चेहरा उतरला.

"मामा, तुम्ही तर स्थळाकडचे ना?"

"स्थळ मोडलं," मी म्हटलं. "मी हिचा आजा. आण्णा, राम राम घ्या. मोठ्या लांबनं आलोय, केळी आणलीत, पर ऊन असं हाय की बोलणं व्हईपतुर शिकरण व्हईल. वहिनी, घटकाभर त्या थंड खोलीत ठेवू का?"

"मामा, फळ..." सारिकानं सुरुवात केली.

"ठिवू दे की गं," रंगुबाई शेंगेवरून नजर न काढता म्हणाल्या. "पूजेचा घड न्हवता का ठिवला आपण? सुदर्शन, दे बाबा उघडून. तवा कशी माझी केळी, आंबं सगळं झकास राहिलं."



आण्णांचा अडकित्ता थांबला. "कुठं ठिवला व्हता घड?"

"आत. मग कुठं? घरच्या फ्रीजमदी पोरांची अंडी असत्यात, उष्टंमाष्टं असतं. देवाचं तिथं ठिवायचं? हितं सगळं सोवळ्यातलं. चपला बाहेर, हात धुतल्यालं. रविवारी सुदर्शनला म्हटलं, उघड. त्यो नगं नगं करत व्हता. म्या म्हटलं, करुणाची बी आज सुट्टी हाय, बरंच झालं. आन् सोमवारी पहाटं काढून नेला."

करुणानं त्यांच्याकडं पाहिलं. ज्या खोलीचं सोवळं त्यांना एवढं आवडलं, ते रोज राखणारी समोर उभी होती, आणि ती नाही म्हणून बरंच झालं. त्या दोन शब्दांचा अर्थ अंगणात सगळ्यांना लागला. रंगुबाईंनाही लागला असावा, कारण त्यांनी उगाचच पदर सारखा केला.

"वहिनी, दारावर पाटी हाय," मी म्हटलं. "फळ आत नेऊ नये म्हून."

"फळ कुठं, मामा? त्यो निवद व्हता."

मग करुणा बोलली. आवाज चढवला नाही. गाडी खराब असती तर तिच्यातले गुलाब गेले असते, ते ताजे होते. दार उघडं असतं तर जरबेऱ्यानं मान टाकली असती, तो ताठ होता. कार्नेशनलाच झोपवील असं एकच होतं, पिकलं फळ. आणि फळ थंडीत राहिल्याची खूण लोकांच्या हातात प्रसाद म्हणून पडली होती. केळी वरून काळी, आत कडक. झाडावर पिकलेलं केळं असं होत नाही, आढीत पिकलेलं होत नाही. थंडीतच होतं.

"चिक्कूपणा न्हवता तर त्यो," आण्णा स्वतःशीच म्हणाले. लोकांची ती कुजबूज त्यांच्याही कानावर गेली असणार. मग त्यांनी पुतण्याकडं मान वळवली. "तुला कळलं व्हतं?"

"मंगळवारी फोनवर फोटो बघितले तेव्हा. काय करणार होतो, आण्णा? सत्यनारायणाच्या केळ्यांनी माल गेला म्हणून गावाला सांगू? काकूचं नाव घेऊ? हिला काय, हिला दुसरीकडं मिळाली असती नोकरी."

"मिळाली न्हाई," करुणा म्हणाली. "तुमचा 'पण' माझ्याआधी पोचायचा."

आण्णा उठले. "पोरी, सोमवारपासनं ये. किल्ली तुझी."

"न्हाई आण्णा."

"पगार वाढवून देतो."

"पगाराचं न्हाई. उद्या शिरूरला माझी मुलाखत हाय. तिथनं फोन येईल. सरांनी उचलू नये. तुम्ही उचला. आन् काय झालं ते सांगा. तेवढंच."

आण्णांनी रंगुबाईंकडं पाहिलं, सुदर्शनकडं पाहिलं. घरची अब्रू एका पारड्यात आणि परकी पोर दुसऱ्या. त्यांनी मान हलवली खरी, पण ती होकाराची होती की डोळ्यावर आलेल्या उन्हाची, ते मला काही केल्या उमगलं नाही. आणि रेल्वेत असताना कंदील हलला की माझ्याइतकं कुणाला उमगायचं नाही.

७

शुक्रवारी शिरूरच्या त्या कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसची खिडकी उघडी होती आणि मी तिच्याखाली उभा होतो. ऐकायला नव्हे. सावली तेवढीच होती.

मुलाखत घेणाऱ्या ऋतिका मॅडम भराभर विचारत होत्या आणि करुणा भराभर उत्तरं देत होती. गाडी झोकात निघाली. मग ते स्टेशन आलं.

"पहिली नोकरी का सोडली?"

"मी सांभाळत होते त्या कोल्ड रूममधली फुलं बिघडली," करुणा म्हणाली. "माझ्या सुट्टीत आत पिकलं फळ ठेवलं होतं, त्यानं बिघडली. मला ते ठाऊक नव्हतं. आळ माझ्यावर आला, मी किल्ली ठेवून निघाले. काल कारण सापडलं. त्यांनी परत बोलावलं."

"फळ कुणी ठेवलं?"

"ते त्यांच्या घरचं आहे, त्यांनी सांगावं. माझ्याकडचं मी सांगितलं."

"मी फोन केला तर चालेल?"

"करा."

फोन वाजत राहिला. मॅडमनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला होता. मी खिडकीच्या गजाला धरून होतो, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला एकही गोष्ट सुचत नव्हती. मग पलीकडून खाकरल्याचा आवाज आला.

"मी आण्णा बोलतोय. सुदर्शनचा फोन माझ्याकडंच हाय. करुणाचं विचारताय न्हवं? चूक आमच्या घरात झाली. पूजेची केळी आमच्या मंडळींनी आत ठेवली, पुतण्याला ठावं व्हतं, आन् बोट पोरीकडं केलं. लिहून पाहिजे असंल तर लिहून देतो. अजून काय विचारायचंय?"

मॅडमना काही विचारायचं नव्हतं. फोन ठेवून त्या करुणाकडं वळल्या.

"एवढं सगळं मिटलं, तर परत का जात नाही?"

"माझ्यावर आळ घेताना तिथं कुणी विचारलंच नाही, काय झालं म्हणून," करुणा म्हणाली. "तुम्ही विचारलंत."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मॅडम म्हणाल्या, "आमच्याकडंही वर्षाला पूजा असते हं. चालेल?"

"असू दे की. मी मशीनपाशी थांबीन." मग, तितक्याच शांतपणे, "पण किल्ली माझ्याकडंच राहील. देवाला पाहिजे असली तरी मला विचारून."

मॅडम हसल्या. मी खिडकीपासून बाजूला झालो, कारण डोळ्यात ऊन गेलं होतं. सावलीत असलं तरी जातं कधीकधी.

गेटवरचा वॉचमन मघापासून माझ्याकडं बघत होता. मी त्याच्या बाकड्यावर बसलो. त्याच्यापुढं मी आल्या आल्याच मनमाडच्या मालगाडीची गोष्ट टाकली होती आणि ती त्यानं एका घोटात गिळली होती, इंजिनासकट.

"एवढी भारी नोकरी, आबा," तो म्हणाला. "मग रेल्वे सोडली कशापायी?"

माझ्या जिभेवर चार उत्तरं तयार होती. एकात तर बिबट्याही होता. पण आतून करुणा येताना दिसली, चालण्यावरूनच कळलं काय झालं ते, आणि का कोण जाणे, मी त्याला खरंच सांगून टाकलं.

"वय झालं. रिटायर केलं."

वॉचमननं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, तंबाखू मळली आणि मान हलवली.

"कायबी सांगता राव तुम्ही."